उतारावर न्यूट्रल

तिसरी डिस्क तडकली, तेव्हा वकिलानं ती चाकावरून उतरवली, फडक्यानं पुसली, शेडच्या दारात नेऊन उजेडाकडे धरली आणि उलटसुलट करून बघितली. हा वकील कोर्टातला नव्हे, गॅरेजातला मिस्त्री. पण कुठलाही मोडका भाग हाती आला की तो त्याची अशी उलटतपासणी घ्यायचा, की निकाल लागेपर्यंत जेवणाचा डबासुद्धा उघडायचा नाही. म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. आता तर त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायची.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला. "ही निळी झाक. म्हणजे ही डिस्कबाई तापली होती. थोडीथोडकी नाही, लाल व्हायच्या बेतात होती. आणि हे केसासारखे तडे बघ, आतून बाहेर गेलेत."

"बघतोय," मामा म्हणाला.

मामा म्हणजे ड्रायव्हर. डोंगरमाथ्यावर एक हवामान केंद्र होतं, तिथली माणसं सकाळी वर न्यायची आणि दुपारी खाली आणायची हे त्याचं काम. रस्ता नावालाच रस्ता होता. दगडगोटे, चिखल, आणि पायथ्याशी एक ओढा, ज्यावर पूल बांधायचं सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणाच्याच हातात नव्हतं. असल्या वाटेला चारही चाकांना जोर देणारी दणकट गाडीच लागते, आणि अशी गाडी चालवण्यात मामाचा हात धरणारा शेडमध्ये कुणी नव्हता. बाकीचे ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेले. उतार आला की खालचा गिअर टाक, गाडीला इंजिननं धरू दे, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, हे तो प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवायचा, की पोरं त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायची.

आणि आता त्याच्याच गाडीची डिस्क तिसऱ्यांदा गेली होती. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात आणि गाडी थांबते. थाळी तडकली की थांबणं देवाच्या हवाली.

वकिलानं डिस्कवरून अंगठा फिरवला. "रेती अडकली असती तर इथं चरे पडले असते. चरे नाहीत. रेती निर्दोष. पॅड दाबणारा कॅलिपर अडकून बसला असता तर एकच बाजू झिजली असती. दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणजे कॅलिपरही सुटला. मी चाकाचे नट कमीजास्त आवळले असते, तर डिस्क वाकडी होऊन स्टिअरिंग थरथरलं असतं. थरथरलं का?"

"नाही."

"शपथेवर सांगतोस?"

"नाही रे बाबा थरथरलं."

"मग राहिलं एकच. तापलेली डिस्क गार पाण्यात शिरली. गरम काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं की जे होतं ते झालं. ओढ्याचं पाणी गार आहे, कबूल. पण ओढ्यापर्यंत येईतो ती इतकी तापते कशानं? उतारभर कुणी ब्रेकवर पाय ठेवून आलं तरच. आणि गाडी तर तू चालवतोस." वकिलानं मान हलवली. "तू तसं करणार नाहीस. इथंच घोडं पेंड खातंय."

मामा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. या चार गाड्या, ही शेड आणि केंद्राचं कंत्राट सगळं त्यांचं. नवरा गेल्यावर लोक म्हणाले होते, विकून टाका. त्यांनी विकल्या नाहीत आणि कुणाला उत्तरही दिलं नाही. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना कोडी आवडत नसत.

"तिसरी ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो," वकील म्हणाला.

"पहिली गेली तेव्हा म्हणालात, माल खराब. दुकान बदललं. दुसरी गेली तेव्हा पॅड बदलले. आता काय बदलायचं राहिलंय?" असं म्हणून त्या वकिलाच्या हातांकडे बघायला लागल्या. वकिलाचे हात हल्ली चहाचा कप उचलताना जरासे कापायचे. ते सगळ्यांना दिसायचं आणि कुणी बोलायचं नाही. "राग मानू नका. पण काल केंद्राच्या त्या स्वयंपाकीणबाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

वकिलानं डिस्क खाली ठेवली. हात कापू नये म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी ठेवली, आणि मामानं ते बघितलं.

"उद्या नवी डिस्क टाकतो," वकील म्हणाला. "माणसं बसवायच्या आधी मी स्वतः गाडीत बसून वर जाऊन येतो. पॅड मात्र जुनेच ठेवणार. साक्षीदार आहेत ते."

मालकीणबाई बरं म्हणाल्या आणि गेल्या. मामानं मात्र डिस्ककडे बघायचं टाळलं.

कारण तडा कशानं जातो हे मामाला पहिल्या डिस्कपासून ठाऊक होतं.

मामाची बायको गुणगुणायची. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, केस विंचरताना, एकच एक जुनं गाणं. त्याची पहिली ओळ बरोबर असायची आणि दुसरी तिच्या मनाची. पुढचं आठवलं नाही की ती नुसतंच लालाला करून वेळ मारून न्यायची. गळा गोड वगैरे काही नव्हता. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्याला घर म्हणजे तोच आवाज वाटायचा, हेही तितकंच खरं.

पुढे मामा डोंगरावर गाडी चालवायला लागला. दिवसभर इंजिन कानाशी घरघरायचं. घरी आल्यावरही ते कानात चालूच असायचं, आणि वर हिचं गाणं. "जरा शांत बसतेस का," तो म्हणायचा. कधी आवाज चढवला नाही, कधी भांडी आपटली नाहीत. आपण किती समंजसपणे सांगतो याचं त्याला थोडं कौतुकच होतं. आणि ती शांत बसायची. पुढे पुढे सांगावंही लागेना. जिना चढताना त्याला घरातून गुणगुण ऐकू यायची, मग त्याच्या बुटांचा आवाज वर पोचायचा, आणि गाणं मधल्या अक्षरावर तुटायचं. इतक्या वर्षांत त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. घरात शिरावं आणि शांतता असावी, माणसाला आणखी काय हवं?

मुलगी लग्न होऊन दूर गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. मग बायकोची थोरली बहीण पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. तिची डोंगराच्या उतारावर रोपवाटिका होती, तिथं हजारो पिशव्यांतल्या रोपांना कोण पाणी घालणार? बायको म्हणाली, थोडे दिवस जाऊन येते. मामानंच तिची बॅग गाडीत ठेवली, मामानंच तिला सोडलं. बहिणीचं हाड जुळलं, ती काठी टाकून चालायलाही लागली. बायको काही आली नाही. "कधी येतेस?" त्यानं फोनवर विचारलं. "बघू," ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. मग त्यानं विचारणं सोडून दिलं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथं मिटवायला हाताशी काहीच नव्हतं.

घर मग खरंच शांत झालं. इतकं, की त्याला नळाचा थेंब मोजता यायचा. तो मुद्दाम खुर्ची सरकवायचा, भांडं जोरात ठेवायचा. काही उपयोग व्हायचा नाही.

एके दिवशी दुपारी उतरताना रोपवाटिकेच्या वरच्या वळणावर गाडी बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती, दुसरं काही नाही. मामा बॉनेट उघडून खाली वाकला आणि त्याला ते गाणं ऐकू आलं. पहिली ओळ बरोबर, दुसरी तिच्या मनाची. तारेच्या कुंपणापलीकडे, सावलीच्या हिरव्या जाळीखाली कुठंतरी ती होती. दिसत नव्हती. मामा पाना हातात धरून तसाच उभा राहिला. मागच्या सीटवरचे लोक विचारायला लागले, काय झालं, फार मोठं काम आहे का? "हो," मामा म्हणाला, "जरा वेळ लागेल."

दुसऱ्या दिवसापासून तो बिघडला. मामा, गाडी नव्हे. वळणाशी आला की तो गिअर काढून न्यूट्रल करायचा. खालच्या गिअरात इंजिन इतकं ओरडतं की शेजारचा माणूस ऐकू येत नाही, मग कुंपणापलीकडची बाई कुठली? न्यूट्रलमध्ये इंजिन नुसतं धुगधुगतं. मग राहिला ब्रेक. सगळा उतार, रोपवाटिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भरलेल्या गाडीचं वजन पायाखाली धरून तो मुंगीच्या पावलानं उतरायचा. डिस्क आणि पॅड एकमेकांना घासत राहायचे, तापायचे, किंचाळायचे. तो कर्कश आवाज त्याला नकोसा व्हायचा. पण त्याचं नशीब थोर, नेमकी त्याच वेळी ती गायला लागायची. जवळजवळ रोज. आणि कुंपण संपलं की लगेच ओढा, आणि ओढ्याचं बर्फासारखं पाणी.

थांबून आत का जात नव्हता? मीही त्याच्या जागी असतो तर कदाचित गेलो नसतो. त्याला एकच भीती होती. जन्मभर त्याच्या बुटांचा आवाज आला की ते गाणं तुटलं होतं. तो फाटकातून आत गेला असता तर इथंही तुटलं असतं, आणि मग त्याच्याजवळ काय उरलं असतं?

काल तिसरी डिस्क गेली तेव्हा गाडी ओढ्याच्या काठावर एका बाजूला ओढली गेली आणि दगडावर आदळली. पुढच्या सीटवर केंद्राची स्वयंपाकीण बसली होती. वाटभर अखंड बोलणारी बाई, नवऱ्यापासून मिठापर्यंत कशावरही. तिचं कपाळ काचेवर आपटलं. "मामा," ती टेंगूळ चोळत म्हणाली, "मला अजून मुलाचं लग्न करायचंय हो." सगळे हसले. मामा हसला नाही.

ठरल्याप्रमाणे सकाळी वकिलानं नवी डिस्क टाकली आणि दोघंच निघाले. वकिलानं मांडीवर पाण्याची बाटली आणि खिशात फडकं घेतलं होतं. चढताना तो खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाचा आवाज ऐकत होता. माथ्यावर गाडी वळवली आणि उतार लागला.

मामानं रात्रभर ठरवलं होतं की वकील शेजारी असताना नीट चालवायचं. वळण आलं. त्यानं खालचा गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी इंजिनच्या जोरावर घरघरत, धडधडत, पण सुरक्षित खाली आली. कुंपण मागे पडलं. ऐकू काही आलं नाही. ओढ्याच्या अलीकडे वकील म्हणाला, "थांबव." उतरून त्यानं चाकाच्या फटीतून डिस्कजवळ हात नेला, मग बोट टेकवलं.

"कोमट," तो म्हणाला. "नुसती कोमट आहे."

तो परत येऊन सीटवर बसला. त्यानं फडक्यानं हात पुसले, आणि ते स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिला.

"मग माझंच काहीतरी चुकतंय," वकील म्हणाला. "बाईंचं खरं असेल. कुठलातरी नट, कुठलीतरी पिन, मला आता कळत नसेल. डोळे तरी कुठं राहिलेत?" हे तो तक्रारीनं म्हणाला नाही. एखाद्या भागाबद्दल निकाल द्यावा तसं म्हणाला, आणि म्हणूनच मामाला ते सहन झालं नाही.

मामानं गाडी मागे घेतली, वळवली आणि पुन्हा चढावर घातली.

"कुठं चाललास?"

"बस गप्प. दाखवतो."

वळणाच्या वर त्यानं गाडी परत वळवली. या वेळी वळणाशी येताच त्यानं गिअर काढला. इंजिनची घरघर खाली बसली. त्यानं ब्रेकवर पाय दाबून धरला आणि गाडी हळूहळू सरकायला लागली. वकील चमकून त्याच्या पायाकडे बघायला लागला. त्याचं तोंड उघडलं, इतक्या वर्षांच्या शिकवणीला धरून एक सणसणीत शिवी तोंडात तयार होती. पॅड किंचाळले. आणि कुंपणापलीकडून, हिरव्या जाळीखालून, गाणं सुरू झालं.

शिवी तोंडातच राहिली. वकील ऐकत होता. दुसऱ्या ओळीला त्यानं मान वळवून मामाकडे बघितलं. मामा समोर बघत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि चेहरा असा झाला होता, की वकिलानं आपली मान परत खिडकीकडे वळवली.

कुंपण संपलं तसा आवाज मागे राहिला. ओढ्याच्या अलीकडे मामानं गाडी थांबवली. जळका वास सुटला होता. वकील उतरला, बाटलीतलं थोडं पाणी चाकाच्या फटीतून डिस्कवर शिंपडलं. चर्र झालं आणि वाफ वर आली.

"वहिनी?" त्यानं विचारलं.

मामानं होकारार्थी मान हलवली.

"किती दिवस चाललंय हे?"

"वर्ष होत आलं."

"तीन डिस्क."

"तीन डिस्क."

"आणि माझे हात बदनाम झाले, ते वेगळंच."

"म्हणून तर दाखवलं."

वकील दगडावर बसला. "आत का जात नाहीस?"

"मला बघितलं की ती गप्प होते."

दोघं डिस्क गार होईपर्यंत तिथंच बसले. ओढ्याचं पाणी दगडांवरून वाहत होतं.

"हे बघ," वकील उठताना म्हणाला. "तुझं मन मला कळतं. पण मागे माणसं बसतात. पुढच्या वेळी टेंगळावर भागणार नाही. हा उतार गिअरात उतर. नाहीतर गाडी उभी कर आणि फाटकातून आत जा. तिसरी सोय या गाडीत नाही. मला बसवता आली असती तर बसवली असती."

शेडमध्ये मालकीणबाई वाटच बघत होत्या. वकील म्हणाला, "सापडलं. ओढ्यात शिरताना डिस्क गरम असायची. आता नसेल."

"गरम कशानं?"

वकील सबब शोधत होता, तोच मामा मध्ये पडला. "माझ्यामुळं. उतारभर माझा पाय ब्रेकवर असायचा. यांच्या कामात काही खोट नव्हती."

"तुमचा पाय?" मालकीणबाईंचा विश्वास बसेना.

"हो. यापुढं राहणार नाही. राहिला तर मला खालच्या सपाट रस्त्यावर टाका."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण कोडी न आवडणाऱ्या माणसाला कधीकधी थांबायचं कुठं ते कळतं. "टाकीन," त्या म्हणाल्या आणि गेल्या. वकिलानं त्याच दुपारी नवे पॅड बसवले.

मग मामा नीट गाडी चालवायला लागला. वळणाला खालचा गिअर, ब्रेकला मोकळीक. इंजिन असं ओरडायचं की कुंपणावरची पाखरं उडायची. डिस्क गार, ओढा गार, वकील खूश. स्वयंपाकीण म्हणाली, बरं झालं, तो जळका वास गेला, माझी तर भूक मरायची. मामा हो म्हणायचा. कुंपणाच्या बाजूला तो बघायचा, पण जाळीखाली काही दिसायचं नाही आणि ऐकू तर काहीच यायचं नाही. तिथं ती गात असेल. किंवा नसेल. आधी ती घरात नव्हती, पण रोज उतारावर तरी होती. आता गाडी दोन मिनिटांत पुढं निघून जायची आणि ती कुठंच नसायची. घरी गेल्यावर तो जिन्यात थांबायचा. का थांबतोय हे त्याला माहीत होतं. मग बूट वाजवत वर जायचा, कारण आता बुटांमुळं तुटणारं घरात काही नव्हतं. त्याला तिची इतकी आठवण यायची, की एकदा त्यानं स्वतःच ते गाणं म्हणून बघितलं. दुसरी ओळ त्याला तिच्यासारखी चुकवता आली नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी वळण घेतलं, तर पुढं रस्त्याच्या कडेला, रोपवाटिकेच्या फाटकाशी, ती उभी. हातात मातीचं ढेकूळ, साडीचा पदर खोचलेला, केस थोडे पांढरे झालेले. मामानं ब्रेक दाबला. नव्या पॅडांनी आवाज न करता गाडी तिच्यापाशी उभी केली. मागे दोन निरीक्षक डुलक्या घेत होते. पुढं स्वयंपाकीण मिठाबद्दल काहीतरी सांगत होती, ती थांबली.

"गाडी बदलली का?" बायकोनं विचारलं. इंजिनच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

"नाही. तीच आहे."

"मग आधी ओरडायची ती?"

"ब्रेक ओरडायचा. नवे पॅड टाकले. डिस्कही नवी आहे."

"हं." तिनं ढेकूळ हातात चुरलं. "मला वाटलं ड्रायव्हर बदलला. गाडी जाते हे कळायचं. पण मी आपली ऐकत राहायचे, आता ओरडेल, मग ओरडेल."

"तू ऐकायचीस?"

"नाहीतर काय. ब्रेक ओरडला की कळायचं, तुम्ही आलात. मग मी सुरू करायचे." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "इतक्या मोठ्यानं मी जन्मात कधी गायले होते का?"

वर्षभर मामाला वाटत होतं की आपण चोरून ऐकतोय. आणि ती पाण्याची झारी बाजूला ठेवून, घसा मोकळा करून, त्याच्यासाठी गात होती. ज्या किंचाळण्याची त्याला लाज वाटायची, त्याचीच ती वाट बघत होती. दोघांच्या मध्ये एक तारेचं कुंपण होतं आणि त्यात फाटक होतं. ते कधी बंदही नव्हतं.

त्यानं हात पुढं केला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. उतार एकदम शांत झाला.

"बंद कशाला केलीत?"

"ऐकू येत नव्हतं."

"मी कुठं काय म्हणत होते?"

"तेच."

तिनं पदरानं हात पुसले. "मी घरी येणार नाही हं. आधीच सांगते. इथं रोपं आहेत, ताई आहे. मला करमतं इथं."

"बरं."

"आणि म्हण म्हटलं की गाता येत नाही मला."

"नको गाऊस," मामा म्हणाला. "मी जरा थांबतो. चालेल?"

ती आत गेली नाही. फाटकाला धरून तिथंच उभी राहिली. मामाही उतरत नव्हता, कारण हँडब्रेक ओढायचं त्याला सुचलंच नव्हतं, त्याचा पाय ब्रेकवर होता. भरलेली गाडी उतारावर उभी होती आणि तिचं सगळं वजन त्या एका पायानं धरलं होतं. तो पाय आता थरथरायला लागला होता.

स्वयंपाकीणबाईंना घरी जायची रोज घाई असायची. त्या दार उघडून खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेचा एक चांगला मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला आणि पुढच्या चाकाखाली नीट सरकवला. मग हात झटकत खिडकीशी आल्या.

"मामा, दगड लावलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता ब्रेकवरचा पाय काढा."

मामानं पाय काढला.